सुगियामा-सानची इंग्रजी अंगाई

आम्ही साताऱ्याहून निघालो त्या दिवशी आई रडली नाही, की ‘पोचल्यावर फोन कर’ असंही म्हणाली नाही. गाडीच्या डिकीत बॅगा मावत नव्हत्या, निखिल ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता आणि सई माझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती. मी वाकून नमस्कार केला, तर आई माझा दंड धरून हळूच म्हणाली, “तिकडे बोलशील कुणाशी गं?”

तिने मला बरोबर ओळखलं होतं. पुण्याच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचे. वर्गात बोलायचे, स्टाफरूममध्ये बोलायचे, घरी आल्यावर आईला फोन लावून दिवसभरात काय काय बोलले ते सांगायचे. निखिलला योकोहामाचं पोस्टिंग मिळालं तेव्हा सगळ्यांनी थंडीची काळजी केली, जेवणाची केली, भूकंपाची केली. माझ्या बोलण्याची काळजी फक्त आईने केली.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी त्याचा अर्थ कळला. निखिल सकाळी स्टेशनकडे जायचा तो रात्री उशिरा यायचा. सईला होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात, सोडलं की दिवस माझाच. कोंबिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला, मुलगा वाकून स्वागत करायचा, पण त्याला उत्तर द्यायचं नसतं हे मी लवकर शिकले. ट्रेनमध्ये कुणी बोलत नाही. शेजारच्या काकू फक्त कचऱ्याबद्दल बोलल्या, तेही मी प्लॅस्टिकच्या दिवशी जळणारा कचरा ठेवला म्हणून. संध्याकाळी आईचा फोन आला की माझ्या घशातून पहिला शब्द खरखरत यायचा. आई म्हणायची, “सर्दी झालीय का?” मी हो म्हणायचे. तुमच्यापैकी जे असे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर कुठे ना कुठे जाऊन राहिले आहेत, त्यांना ही सर्दी माहीत असेल.

माझं नाव नीला. इथल्या लोकांच्या तोंडात ‘ल’ बसत नाही, त्याचा ‘र’ होतो. त्यामुळे मी नीरा-सान, म्हणजे नीराबाई, झाले. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे, मग सोडून दिलं.

पुढे काही वर्षांनी, मी जात होते त्या जपानीच्या क्लासमुळे मला व्याख्यानं देण्याचं काम मिळालं, आणि तेही गमतीदार. आमच्या वॉर्डात ज्येष्ठ नागरिकांचा एक गट होता. त्या सगळ्यांना इंग्लंडचं वेड. गुलाबांच्या बागा, दुपारचा चहा, राण्या, कुत्री, जुने वाडे-बंगले. महिन्यातून एकदा जमायचं आणि कुणाकडून तरी ब्रिटनचा इतिहास ऐकायचा. त्यांना व्याख्यान देणारे इंग्रज गृहस्थ मायदेशी परतले, आणि गटाच्या अध्यक्षीणबाई क्लासमध्ये मला शोधत आल्या. म्हणाल्या, “तुम्ही इतिहास शिकवलात, इंग्रजी बोलता. ब्रिटन म्हणजे जवळजवळ तुमचंच की.”

त्या ‘जवळजवळ’वर मी घरी येईपर्यंत हसत होते. निखिल म्हणाला, “घे की. निदान माझं डोकं खाणार नाहीस.” आई फोनवर म्हणाली, “आता त्यांच्या चहाच्या कपबश्या तू पुसत बस.” पण मनातून तिला बरं वाटलं असावं. मी कुणाशी तरी बोलणार होते.

योकोहामाच्या बंदरावर एक टेकडी आहे, यामाते नावाची. पूर्वी तिथे परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती होती, त्यात इंग्रज बरेच. त्यांची मूळ घरं जुन्या मोठ्या भूकंपात गेली. आज दिसतात ती बहुतेक नंतर बांधलेली, त्याच वळणाची, पांढऱ्या खिडक्यांची. अशाच एका घराची खालची बैठक आमच्या गटाला मिळायची. स्टेशनवरून चढ चढून यायचं, वाटेत परदेशी लोकांचं कब्रस्तान लागायचं, झाडीत खाली उतरत गेलेलं. बंदरावर धुकं असलं की जहाजाचा भोंगा वाजायचा आणि तो त्या कब्रस्तानातून आल्यासारखा वाटायचा. मी तिथून भरभर चालत जायचे. घाबरत होते असं नाही, पण पाय आपोआप उचलले जायचे.

पहिलं व्याख्यान चहावर दिलं. अर्धं सोप्या जपानीत, अर्धं इंग्रजीत. सगळे वहीत टिपून घेत होते, मला पुन्हा वर्गात उभं राहिल्यासारखं झालं. संपल्यावर एक आजी पुढे आल्या. राखाडी कार्डिगन, पांढरे आखूड केस, ऐंशी ओलांडलेल्या, पण पाठ ताठ. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, सुगियामा. खूप वेळ प्रस्तावना केली, माफी मागितली, आणि मग, इथे शिक्षकांना म्हणतात तसं, म्हणाल्या, “सेन्सेई, आमच्या घरात एक इंग्रजी अंगाई आहे. पणजीपासून चालत आलेली. ती या टेकडीवर एका इंग्रज कुटुंबाकडे कामाला होती, तिथेच तिने ऐकली. तिचा अर्थ आम्हाला कुणालाच माहीत नाही. आधीच्या इंग्रज सेन्सेईंना विचारलं. त्यांना ओळखता आली नाही. म्हणाले, जुनी असेल, खेड्यातली असेल.”

“म्हणून दाखवा ना,” मी म्हटलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हटली. लांब ओढलेले स्वर, वर जाऊन एकदम खाली येणारे. मी कान देऊन ऐकलं. मला त्यात एकही इंग्रजी शब्द सापडला नाही.

“पहिल्या ओळीच्या शेवटी न्या येतं,” त्या ओशाळून म्हणाल्या. जपानी मांजर ‘न्या’ करतं. “म्हणून लहानपणी आम्ही याला मांजराचं गाणं म्हणायचो.”

मी शोधते असं आश्वासन दिलं, आणि खरंच शोधलं. इंग्लंडातल्या अंगाया, मांजरांची बडबडगीतं, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंडपर्यंत जाऊन आले. काही जुळेना.

दुसरं व्याख्यान जुन्या घरांवर होतं. मी लवकर जाऊन प्रोजेक्टर जोडत होते. भर दुपार होती, पण बाहेर धुकं इतकं की खिडकीशी कुणीतरी पांढरी चादर धरून उभं असावं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून ती अंगाई ऐकू आली. तेच वर जाणारे, एकदम खाली येणारे सूर. मला वाटलं सुगियामा-सान आल्या आणि वर बघायला गेल्या. मी जिन्यापाशी जाऊन हाक मारली, “सुगियामा-सान, या खाली, चहा करू या.” आवाज थांबला. आणि त्याच वेळी पुढचं दार उघडून सुगियामा-सान आत आल्या, छत्री मिटत, बूट काढत.

“मला हाक मारलीत?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. मग वर जाऊन पाहिलं. जुन्या फर्निचरची एक खोली, दोरी लावून बंद केलेली, आणि खिडकी. खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली होती, थंडीत कुणी जवळून श्वास सोडला की धरते तशी. मी हे त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होते?

त्या व्याख्यानाच्या शेवटी सुगियामा-सानने हात वर केला. “सेन्सेई, इंग्लंडच्या बायका हातात हिरवी काच घालायच्या का?”

“काच?”

“काचेची गोल कडी. हिरवी. दोन्ही हातांत खूप. माझी आजी सांगायची, ती अंगाई म्हणणाऱ्या बाईच्या हातात होती.”

मी सरळ म्हटलं, “नाही. इंग्लंडमध्ये अशी पद्धत नव्हती.” आज हे लिहिताना माझ्याच हातातल्या बांगड्या मला दिसतायत. तेव्हा नाही दिसल्या. मी ब्रिटनची सेन्सेई होते, प्रश्न इंग्लंडचा होता, आणि मी इंग्लंडमध्येच शोधत होते.

सई तेव्हा तिसरीत होती. माझ्यासोबत कधीकधी यायची, मागे बसून चित्रं काढायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण मी मराठीत विचारलं की ती उत्तर जपानीतच देई. आईशी फोनवर बोलताना तर ती नुसती मान हलवायची, आणि मी म्हणायचे, “आजीला मान दिसत नाही गं, बोल काहीतरी.” आई म्हणायची, “राहू दे, दिसतेय मला.”

सुगियामा-सानचं आणि सईचं मात्र छान जमलं. व्याख्यानानंतर दोघी खिडकीशी बसून कागदाच्या घड्या घालायच्या. एका रविवारी मी पोळ्या करत होते. निखिल बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. सई बाहेरच्या खोलीत जमिनीवर लोळत, भिंतीला पाय लावून गात होती. सुगियामा-सान म्हणायच्या तसं ओढून नव्हे, मुलं म्हणतात तसं, भरभर, सपाट.

“मारा गारी न्या. पोरा राराते. दारा उगारा.”

मी लाटणं धरून उभी होते. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तरी हलले नाही.

“मारा गारी न्या. पोरा राराते. दारा उगारा.”

‘ल’चा ‘र’ होतो. ‘घ’चा ‘ग’ होतो. ‘ड’चाही ‘र’ होतो. हे मला ठाऊक होतं, मी स्वतःच नीलाची नीरा होऊन बसले होते.

मला घरी न्या. पोर रडते. दार उघडा.

जिने कधी मला एक अख्खं मराठी वाक्य म्हणून दाखवलं नव्हतं, ती माझी मुलगी भिंतीला पाय लावून, हसत, माझ्याच भाषेत कुणाच्या तरी वतीने हे म्हणत होती. मी बाहेर आले. “काय म्हणतेयस? कुणी शिकवलं?”

ती दचकली. जपानीत म्हणाली, “नेको नो उता.” मांजराचं गाणं.

निखिल आत आला. मी त्याला हळूहळू शब्द लावून दाखवले. तो आधी हसला, मग त्याने सईला पुन्हा म्हणायला लावलं, आणि त्याचं हसू गेलं. “योगायोग असेल,” तो म्हणाला. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, “नाही गं. तीन ओळी. योगायोग नसेल.”

त्या दिवशी आईला फोन केला तेव्हा घसा खरखरत नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. टेकडी, इंग्रजाचं घर, कामवाली पणजी, हिरव्या काचा. मग ते तीन तुकडे म्हटले.

आईने ते तुकडे स्वतः एकदा म्हणून पाहिले. मग म्हणाली, “हे गाणं नाहीये नीला. बाई दार वाजवतेय.”

“आया असेल गं. मुंबईहून कुटुंब इकडे आलं असेल, हाँगकाँगवरून वगैरे. सोबत आयेला आणलं असेल.”

“आया नाही, दाई. अंगावर पाजायला आणलेली.”

“कशावरून?”

“पोर रडते म्हणतेय ना. साहेबाचं पोर तर तिच्या मांडीवर असणार. ते रडलं तर ती त्याला घेईल, दार कशाला उघडायला सांगेल? रडतंय ते तिचं. इकडे ठेवून गेलेलं. आपल्याकडचीच आहे. इथलीच कुठलीतरी.”

इतिहास शिकवणारी मी. पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यानंतरचे काही दिवस विचित्र गेले. मी टेकडीवर एकटी गेले. कब्रस्तान उघडं असण्याच्या दिवशी आत जाऊन एकेक दगड वाचत फिरले. कप्तान होते, व्यापारी होते, त्यांच्या बायका होत्या, वर्षही न भरलेली लेकरं होती. तिचं नाव काय शोधायचं तेच माहीत नव्हतं. ज्या घरात ती होती ते घर नाही, ती खोली नाही, ते दार नाही. बाईचं सगळं गेलं होतं, फक्त तिचं बोलणं उरलं होतं, आणि ते चार पिढ्या जपानी बाळांना झोपवत होतं. परतताना मागे कुणीतरी अनवाणी चालतंय असं मला सारखं वाटत राहिलं. मी या वेळी भरभर चालले नाही. हळू चालले, म्हणजे येणारीला येता येईल.

प्रश्न होता सुगियामा-सानला सांगायचं की नाही. त्यांना नुकतीच पणती झाली होती. बाळाला घेऊन नातसून येणार, आणि आपण तिला तीच अंगाई म्हणणार, हे त्या प्रत्येकाला सांगत होत्या. निखिलचं म्हणणं स्पष्ट होतं. “सांगू नकोस. त्यांच्यासाठी ते आजीच्या मांडीचं गाणं आहे. तू त्यात एक कोंडलेली बाई बसवणार. त्या पुन्हा कधी ते म्हणू शकतील का?”

आईचं त्याच्या उलट. “इतकी वर्षं ती सांगतेय आणि कुणाला कळत नाहीये. तुला कळलं. आता तूही गप्प बसणार?”

दोघांचंही मला पटत होतं. इथेच माझी झोप उडाली.

पुढचं व्याख्यान होतं इंग्रज घरातल्या बाळांच्या खोलीवर. पाळणे, खेळणी, नॅनी. मी त्यात एक भाग घातला, हिंदुस्थानातल्या आया आणि दायांचा. साहेबांची मुलं कुणाच्या अंगाखांद्यावर वाढली ते सांगितलं. कितीजणींना जहाजावरून दूर नेलं जाई, काम संपल्यावर कितीजणी परक्या बंदरात तशाच सोडून दिल्या जात, हेही. मग एक चित्र दाखवलं. गोऱ्या बाळाला घेऊन बसलेली एक बाई, डोक्यावर पदर, हातभर बांगड्या.

सुगियामा-सान उभ्या राहिल्या. सभेत मध्येच कुणी उभं राहत नाही. त्या चित्राकडे पाहत राहिल्या आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, “हिरवी काच.”

बाकीचे गेल्यावर आम्ही दोघी खिडकीशी बसलो. मी माझा हात पुढे केला. घरी रोज घालते त्या साध्याच बांगड्या, त्यात दोन हिरव्या. त्यांनी बोटाने त्या हळूच वाजवल्या.

“तिची भाषा माझी भाषा आहे, सुगियामा-सान. ती इंग्रज नव्हती.”

“मग तुम्हाला अर्थ कळला.”

“हो.”

“सांगा.”

“तो चांगला नाही.”

“सेन्सेई,” त्या म्हणाल्या, “माझं वय झालंय. सांगा.”

मी एकेक ओळ सांगितली. त्या ऐकत होत्या, मांडीवर हात ठेवून. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं, तरी मला गारठल्यासारखं झालं. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत.

“म्हणजे ती कुणाला झोपवत नव्हती,” त्या म्हणाल्या. “आमची पणजी दाराबाहेर होती आणि ती आत होती.”

“असं वाटतं.”

“मग एक गोष्ट तुम्हाला सांगते. ही अंगाई म्हणताना आमच्या घरी एक पद्धत आहे. शेवटची ओळ झाली की जवळ जी कोणी असेल तिने उठून फुसुमा सरकवायचा. सरकतं दार. थंडी असली तरी. माझी आजी म्हणायची, दार न उघडता ही अंगाई संपत नाही. का, ते तिलाही माहीत नव्हतं. तिच्या आईने तसं केलं, म्हणून तिने केलं, म्हणून मी करते.”

मी वळून त्या बैठकीच्या दाराकडे पाहिलं.

“आणि पणजीला त्या घरातून काढून टाकलं होतं,” त्या पुढे म्हणाल्या. “आमच्याकडे त्याची जरा लाजच होती. कोणी फार बोलायचं नाही. मालकाच्या घरातून काहीतरी गेलं, आणि ते हिच्यामुळे गेलं, एवढंच सांगायचे. आम्हाला वाटायचं, चांदीचं काही असेल.”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. दोघींनाही एकाच वेळी कळलं.

“तिला शब्द कळले नव्हते,” सुगियामा-सान म्हणाल्या. “पण कळलं होतं.” आणि मग त्या रडल्या. दुःखाने रडल्या असं मला वाटलं नाही. इतकी वर्षं चोर ठरलेल्या आपल्या पणजीसाठी त्या रडत होत्या.

पणजीने दार उघडल्यावर ती बाई कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही. टेकडी उतरून बंदरावर गेली असेल. तिथे कुणी हिंदुस्थानी खलाशी भेटला असेल. किंवा कुणीच भेटलं नसेल. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला म्हणावं लागतं की पुरावा नाही.

काही आठवड्यांनी सुगियामा-सानने मला आणि सईला घरी बोलावलं. बाळ आलं होतं, मुठी मिटून कुरकुरत होतं. त्यांनी आधी मला शब्द नीट म्हणायला लावले. त्यांना ‘घ’ काही जमेना, ‘ड’ बोलताना थोडासा जमला, गाताना नाही. मग विचारलं, “तुमच्या भाषेत ‘दार उघडं आहे, या’ कसं म्हणतात?”

मी सांगितलं.

“आणि तिला हाक काय मारायची? नाव तर माहीत नाही.”

“नाव माहीत नसलं की आम्ही बाई म्हणतो.”

त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि अंगाई म्हटली. तिसऱ्या ओळीनंतर सई उठून गेली आणि तिने फुसुमा सरकवला. सुगियामा-सानने चौथी ओळ लावली, त्याच सुरात, वर जाऊन खाली येणारी. “दारा उगारा आहे, बाई. या.” बाहेरच्या ओसरीवर कुणी नव्हतं. पण बाळ रडायचं थांबलं आणि मान वळवून दाराकडे पाहत राहिलं, ओळखीचं माणूस आल्यावर पाहतात तसं. मग झोपलं.

खरं तर हे लिहायला बसले ते त्या बाईसाठी नाही. तुमच्यासाठी, जे मागे राहिलात, आणि माझ्यासारखे जे निघून आलात. मी इतकी वर्षं मनात धरून होते की मला इथे आणून ठेवलंय. निखिलचं काँट्रॅक्ट, व्हिसा, सईची शाळा, ‘या सुट्टीत नको, पुढच्या सुट्टीत’. आई दर फोनला विचारायची, “घरी कधी येतेस?” आणि मी कुणीतरी बाहेरून कडी लावल्यासारखी उत्तरं द्यायचे. ती बाई माझ्या मागे चालत होती तेव्हा एकदा तिने माझ्याकडे पाहिलं असतं, तर काय म्हणाली असती? माझ्या दाराला कडी कुठे होती?

मी त्या उन्हाळ्यात सईला घेऊन साताऱ्याला गेले. तिकिटं काढताना कुणाला विचारलं नाही, निखिलला नुसतं सांगितलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. मी आत कपड्यांच्या घड्या करत होते, आई स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होती. सई अंगणात शेजारच्या मुलींशी खेळून आली आणि दार लागलेलं पाहून तिने ते दोन्ही हातांनी वाजवलं. आणि तिच्या तोंडून, कुणी न सांगता, तेच बाहेर आलं. पण आता तीन-चार दिवस आजीचं बोलणं कानावर पडलेलं, त्यामुळे ‘घ’ नीट होता, ‘ड’ही नीट होता.

“मला घरी न्या! पोर रडते! दार उघडा!”

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. मी बाहेर आले तेव्हा आई पिठाच्या हातांनी दाराकडे निघाली होती. ती एरवी गुडघे धरून चालते. तेव्हा चालली नाही, धावली. “आले गं बाई, आले,” म्हणत तिने दार उघडलं.

सई हसत आत शिरली. आईने तिला जवळ घेतलं, पिठाचे हात तिच्या पाठीला लागले. पण ती पाहत होती सईच्या वरून, फाटकापलीकडे, रिकाम्या रस्त्याकडे. किती तरी वेळ.

मी दार लावायला गेले तर म्हणाली, “असू दे. एवढ्या लांबून चालत यायचं म्हणजे मागे पडते एखादी.”